ळची कळ

घशाच्या ऑपरेशननंतर उज्ज्वलाताई पारसनीस पहिलं वाक्य बोलल्या तेव्हा खोलीतली माणसं आनंदाने उभी राहिली, आणि खुद्द उज्ज्वलाताईंना मात्र कुठे तोंड लपवू असं झालं.

वाक्य साधंच होतं. खिडकीतून ऊन थेट तोंडावर येत होतं. त्यांना म्हणायचं होतं, 'डोळ्यांवर ऊन येतंय, पडदा ओढा जरा.' समोरच्या स्क्रीनवर अक्षरं उमटली ती अशी: 'डोयावर ऊन येऊन राह्यलं, पडदा लाव नं जरा.' पाठोपाठ तेच वाक्य खोलीभर ऐकू आलं, आणि तेही त्यांच्याच आवाजात. ज्या घोटीव आवाजात त्यांनी वर्षानुवर्षं रेडिओवर सकाळच्या बातम्या वाचल्या होत्या, अगदी त्याच.

"आई, तुझा आवाज!" सानिकाने त्यांचा हात घट्ट धरला. ती रडत होती, हसत होती, आणि आवाजापलीकडे तिला काही ऐकूच आलं नव्हतं. नर्सने पडदा ओढला. हे यंत्र बसवणारी, त्याची देखभाल करणारी तरुण आफरीन मुजावर टाळ्या वाजवत होती. उज्ज्वलाताई तेवढ्या त्या एका शब्दाकडे बघत होत्या. डोया. कुणी वाचला का, कुणी हसलं का, हे त्यांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहून घेतलं. कुणी हसलं नव्हतं. तरी कानाच्या पाळ्या तापल्याच.

आता ही बाई एवढ्याशा शब्दाने इतकी का शरमली, ते सांगायला हवं. पुण्यात उच्चार शिकायचे तर पारसनीसबाईंकडे, असा दोन पिढ्यांचा शिरस्ता होता. नट यायचे, वकील यायचे, निवडणुकीला उभे राहणारे यायचे. कुणी 'केळं'ला 'केलं' म्हटलं की बाई बोटाने टेबलावर टकटक करायच्या. "जिभेला आळस नको. शेंडा मागे वळवा, टाळूला लावा, मग सोडा. ळ हे मराठीचं लेणं आहे." त्यांचा ळ ऐकताना दाणेदार गूळ फुटल्यासारखा वाटायचा. आणि हा ळ त्यांच्या तोंडात जन्माने आलेला नव्हता, हे त्या वर्गातल्या एकालाही ठाऊक नव्हतं.

उज्ज्वलाताई माहेरच्या नळकांडे. दर्यापूरकडच्या पिंपळखुट्याच्या. तिथे त्या गावाला पिंपयखुटा म्हणतात, आणि नळकांड्यांना नयकांडे. डोळा तो डोया, शाळा ती शाया, पाणी ते पानी. त्यात चूक काहीच नाही, तिकडची सगळी माणसं तशीच बोलतात आणि त्यांचं काही अडत नाही. पण कॉलेजसाठी पुण्याला आलेल्या उज्ज्वलाने हॉस्टेलच्या मेसमध्ये पहिल्याच दिवशी "अजून एक पोयी वाढा" म्हटलं, आणि सगळं टेबल हसलं. पुढे कित्येक महिने 'पोयी' हेच तिचं नाव झालं. मग तिने आरशासमोर उभं राहून जीभ वळवायला शिकून घेतलं. 'कोवळ्या फळांची पिवळी झळाळी' असली स्वतः रचलेली वाक्यं घोकली. इतकी घोकली की हसणाऱ्या मुलींपेक्षा तिचा ळ चांगला झाला. पारसनीसांच्या घरात ती आली तेव्हा 'अमरावतीकडची' एवढंच सांगायची, आणि विषय बदलायची.

स्वरयंत्र काढून टाकावं लागलेल्या माणसांना त्या काळी ही 'बोलपाटी' मिळू लागली होती. तिची करामत आफरीनने त्यांना समजावून सांगितली. मानेतल्या शिरेतून एक बारीक जाळी मेंदूपर्यंत सरकवतात, आणि बोलण्याची जुळवाजुळव करणाऱ्या भागाच्या शेजारी ती बसते. माणूस तोंड उघडण्याआधी मेंदू तिथे शब्दाचा आराखडा तयार करतो. जीभ कुठे टेकवायची, ओठ कधी मिटायचे, सगळं. जाळी तो आराखडा टिपते आणि बिनतारी स्क्रीनकडे पाठवते. स्क्रीनवर एक साधं लेखनाचं पान असतं. तिथे आधी अक्षरं उमटतात, आणि मग त्या माणसाच्या जुन्या ध्वनिमुद्रणांतून घडवलेला आवाज ती वाचतो.

"मग मला हवं ते का उमटत नाही?" उज्ज्वलाताईंनी कळफलकावर टाइप करून विचारलं. आवाजाने विचारायची त्यांची छाती नव्हती.

"कारण ही जरा जास्तच चटपटीत आहे, मॅडम," आफरीन म्हणाली. "ज्यांनी मोठेपणी बोली बदलली, त्यांच्या मेंदूत शब्दाचे दोन आराखडे होतात. लहानपणीचा आधी. तो उमटल्या उमटल्या शिकलेला येऊन त्याला झाकतो. पापणी लवायच्या आत होतं हे सगळं, त्यामुळे तोंडातून दुसराच बाहेर पडतो. पहिला होता हे माणसाला स्वतःलासुद्धा कळत नाही. पण जाळी पहिलाच पकडते. माझ्या नानींचं पण असंच झालं होतं. आयुष्यभर मराठी बोलल्या, आणि बोलपाटी लावल्यावर नुसती दखनी."

"यावर इलाज?"

"दुरुस्ती करत राहायची. चुकीच्या अक्षरावर बोट ठेवायचं, बरोबर अक्षर द्यायचं. ती शिकत जाते. नियम कळला की पुढचे शब्द स्वतःच बदलते."

इलाज सोपा होता, पण त्यात एक मेख होती. बोलपाटीचं लिखाणाचं पान मुळात दुसऱ्याच कुठल्या भाषेसाठी बेतलेलं होतं, आणि मराठी तिला मागाहून जोडलेली. त्यामुळे क, ख, ग सगळे समोर हजर; ण सुद्धा न वर बोट दाबून ठेवलं की यायचा. पण ळ सापडेना. आफरीनने कोपऱ्यातली एक छोटी चौकट उघडून दाखवली. वर लिहिलं होतं, 'विशेष चिन्हे'. त्यात ॲ होता, दऱ्याखोऱ्यांतला ऱ होता, कसकसल्या भाषांतली टिंबं आणि शेपट्या होत्या, आणि त्यांच्या गर्दीत अंग चोरून ळ बसला होता. मराठीचं लेणं! उज्ज्वलाताईंना एरवी हसू आलं असतं. त्या दिवशी नाही आलं.

यंत्र दोन तऱ्हांनी चालायचं. 'तपासून' ठेवलं की अक्षरं नुसती उमटायची आणि कळ दाबेपर्यंत आवाज गप्प. 'आपोआप' ठेवलं की मनात आलं आणि बोललं गेलं. उज्ज्वलाताईंनी 'तपासून'वर बोट ठेवलं आणि घरी आल्या. पुढचे कित्येक दिवस त्या सानिकाला साधं "वेळ झाली का?" विचारायचं तरी चौकट उघडायच्या, ळ उचलायच्या, य च्या जागी आणून बसवायच्या, आणि मग कळ दाबायच्या. सानिका बिचारी तोवर हातातलं काम सोडून थांबायची.

अशात पिंपळखुट्याहून शोभाबाई आल्या.

शोभाबाई म्हणजे उज्ज्वलाताईंची थोरली बहीण. तिकडच्या रीतीप्रमाणे उज्ज्वलाताई तिला 'बाई'च म्हणायच्या. पुण्याला ती फार कमी वेळा आली होती, आणि आली तेव्हा धाकटीने तिला वर्गाच्या वेळेला आतल्या खोलीत टीव्ही लावून दिला होता. शोभाबाईंच्या मनात त्याचं काही नव्हतं. धाकटी बहीण रेडिओवर बोलते याचा तिला भारी तोरा. ती दारातूनच बोलत आली.

"काऊन वं उजू, कशी आहेस? किती वायली वं! घसा दुखते काय? सानिका, पोरी, हे घे, लोनचं आनलं. उजू, बोल नं काही. मशीन लावली म्हनते नं?"

उज्ज्वलाताईंच्या मनात उत्तर आलं आणि स्क्रीनवर उमटलं. दुरुस्त करायला त्यांचं बोट पुढे झालं, आणि मग थांबलं. सानिका लोणच्याची बरणी घेऊन आत गेली होती. समोर बाईच होती फक्त. बाईसमोर ळ कशाला शोधायचा? त्यांनी 'आपोआप' लावलं.

"बाई, तू आली, लय बरं झालं वं. मले तुयी लय आठवन येत होती."

शोभाबाई आधी दचकल्या. मग दोन्ही हात तोंडावर ठेवून हसल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या. "अवं माय! हे तर पक्की नयकांड्याची पोरगी बोलली! कितीक वर्सानं ऐकलं वं!"

पुढचे काही दिवस फार सुखाचे गेले. सानिका ऑफिसला गेली की दोघी बहिणी बोलत बसायच्या. विहिरीवरची भांडणं, बापाचा राग, ज्वारीच्या शेतातला लपंडाव. उज्ज्वलाताईंना चौकट उघडावी लागत नव्हती, काही तपासावं लागत नव्हतं. इतकं भरभर त्या ऑपरेशनच्या आधीसुद्धा कधी बोलल्या नव्हत्या. सानिकाच्या घरी यायच्या वेळेला मात्र त्या आठवणीने 'तपासून' लावायच्या.

एका दुपारी बेल वाजली आणि शोभाबाईंनी दार उघडलं. बोलपाटीच्या कंपनीचे निनाद आगाशे आले होते, आणि त्यांच्याबरोबर उज्ज्वलाताईंच्या दोन जुन्या विद्यार्थिनी. कंपनीचा मोठा सोहळा होता. उज्ज्वलाताईंनी रंगमंचावर बसून, हुबेहूब पूर्वीसारखं, एक बातमीपत्र वाचायचं होतं. शिवाय त्यांनी केलेल्या दुरुस्त्या पुढच्या सगळ्या मराठी पेशंटांच्या यंत्रात पाया म्हणून घालायच्या होत्या. "म्हणजे महाराष्ट्रातला प्रत्येक पेशंट तुमच्यासारखा शुद्ध बोलेल," आगाशे फोनवर म्हणाले होते. उज्ज्वलाताईंना ते फार आवडलं होतं.

"नमस्कार ताई! कशी आहे तब्येत?" आगाशांनी विचारलं.

आणि यंत्र 'आपोआप'वरच होतं.

"बरी आहो. बसा नं बाप्पा. बाई, चाय मांड वं, पावने आले."

त्या घोटीव, बातम्यांच्या आवाजात हे ऐकल्यावर आगाशे उभ्याउभ्या थिजले. एका विद्यार्थिनीने दुसरीकडे पाहिलं. दुसरीने ओठ आत ओढून हसू दाबलं. मेसमधलं ते टेबल उज्ज्वलाताईंना जसंच्या तसं समोर दिसलं. त्यांनी झटकन आवाज बंद केला, कळफलक पुढे ओढला आणि टाइप करायला लागल्या.

'माफ करा. हे माझं बोलणं नव्हे. माझी बहीण गावाकडून आली आहे.' इथपर्यंत हात भराभर चालला. मग 'जव' पाशी अडला. चौकट उघडावी लागली. ॲ, ऱ, टिंबं, शेपट्या. ळ उचलला. 'जवळ कुणी बोललं की यंत्र ते उचलतं आणि माझ्या वाक्यांत मिस'. परत चौकट. दोन्ही वेळा हात मागे घ्यायला भरपूर अवधी होता. स्वयंपाकघराच्या दारात बाई उभी आहे हेही त्यांना दिसत होतं. त्यांनी 'मिसळतं' पुरं केलं आणि कळ दाबली.

आवाजाने ते खोटं इतक्या स्वच्छ उच्चारात वाचलं की कुणाला शंकाच आली नाही. "अच्छा, असं होय!" आगाशे हसले, विद्यार्थिनी मोकळ्या झाल्या. "मग ताई, सोहळ्यापर्यंत जरा काळजी घ्यायला हवी. यंत्र बिघडायला नको. मावशी, तुम्ही ताईंच्या खोलीत शक्यतो बोलू नका हं. राग मानू नका."

शोभाबाईंनी मान हलवली. चहा केला, सगळ्यांना दिला, कपबशा विसळल्या. पाहुणे गेल्यावर त्या बहिणीपासून चार हात लांब उभ्या राहिल्या आणि कुजबुजत म्हणाल्या, "म्हंजे इतके दिवस थे मीच होती काय वं? मले वाटलं, तू बोलून राह्यली."

उज्ज्वलाताईंनी त्यावर काही म्हणायचं म्हटलं असतं तर यंत्र होतं, कळफलक होता, अक्षरं होती. त्यांनी मान खाली घातली. शोभाबाईंनी तो होकार समजला. "माह्यामुयं तुयी मशीन बिघडली. सांगायचं नाही काय मले पयलेच?" एवढं बोलून त्यांनी स्वतःच तोंडावर हात ठेवला, कारण त्या परत बोलल्या होत्या.

त्या दिवसापासून शोभाबाईंनी घरात बोलणं टाकलं. पाणी हवं का ते खुणेने विचारायच्या. गावाहून फोन आला तर गॅलरीत जाऊन दार लावून घ्यायच्या. शिंक आली तरी पदरात दाबायच्या. घरात आधी एक बिनआवाजाची होती, आता दोन झाल्या. उज्ज्वलाताई 'तपासून' लावून दिवसभर बातमीपत्राचा सराव करत. मंत्रिमंडळ, दुष्काळ, आळंदी, गळती. य खोडायचा, ळ बसवायचा. बोलपाटी हुशारच होती. तिला नियम कळत चालला. चौकट उघडायची वेळ कमी कमी येऊ लागली. 'बाई'चं तिने आपणहून 'ताई' केलं. उज्ज्वलाताईंना हवं होतं ते सगळं मिळत होतं, आणि त्यांना जेवण गोड लागत नव्हतं. लाज आधीही वाटत होती, पण ती लोकांची होती. ही निराळी होती. ही बाईच्या चपलांचा आवाज आला तरी वाटायची.

आफरीन तपासणीला आली तेव्हा, मावशीने गप्प राहण्याचं कारण खुणांनी सांगितलं होतं ते आठवून, सानिकाने सहज विचारलं, "मावशी बोलली तर अजूनही यात मिसळेल का गं?"

"मिसळेल? कसं मिसळेल?" आफरीन बुचकळ्यात पडली. "यात माईकच नाहीये. बाहेरचं काही ऐकायची सोयच नाही हिला."

सानिकाने आईकडे पाहिलं. उज्ज्वलाताईंनी नजर चुकवली. आफरीन गेल्यावर सानिका समोर येऊन बसली.

"म्हणजे ते तूच बोलत होतीस."

उज्ज्वलाताईंनी कळ दाबली नाही. नुसती अक्षरं उमटू दिली: 'सोहळा झाला की सांगते तिला.'

"मी नाही सांगणार मावशीला. तूच सांगायचं आहेस." सानिका उठली, आणि दारात जाऊन वळली. "आई, मला तुझं ते बोलणं आवडलं असतं गं. मला कधी ऐकवलंच नाहीस."

तरीही उज्ज्वलाताईंनी सांगितलं नाही. उद्या सांगू, परवा सांगू. सोहळा जवळ येत होता. शोभाबाईंनी गावचं तिकीट काढलं होतं. सोहळ्याला त्या थांबणार नव्हत्या. आपण टाळ्या वाजवताना तोंडातून काही निघालं तर, अशी त्यांना धास्ती होती, असं त्यांनी सानिकाला खुणांनी सांगितलं.

मग सुट्टीच्या दिवशी दुपारी तिघी जेवायला बसल्या, आणि शोभाबाई बोलल्या. इतक्या दिवसांनी बोलल्या म्हणून सानिकाने चमचा खाली ठेवला. शोभाबाई ताठ बसल्या होत्या, आणि एकेक शब्द तोलून मापून तोंडातून सोडत होत्या.

"सानिका, दुधावरची साळ तुला ठेवली आहे. जाड आली आहे."

"साळ?"

"साळ गं. साखर घालूण खा. तुझ्या आजीला, आमच्या माळला, फार आवडाळची."

सानिकाला क्षणभर कळेना. मग एकदम लख्ख कळलं आणि ती खळखळून हसली. "मावशी! साय गं, साय! आणि माळ काय, माय!" हसून झाल्यावर तिला आईचा चेहरा दिसला, आणि तिचं हसू जागच्या जागी विरलं.

शोभाबाई ओशाळल्या. "चुकलं का? मी ऐकूण ऐकूण शिकते आहे. हिचे जुने धडे आहेत ना फोनवर. गॅलरीत बसूण म्हणते. म्हटलं, शुद्ध आलं तर मग हिच्याजवळ बोलता येईल. मशीन बिघडणार नाही."

उज्ज्वलाताईंच्या हातातला घास हातातच राहिला. आयुष्यभर त्यांनी लोकांचे उच्चार पारखले होते. काय झालंय ते त्यांना ऐकताक्षणी कळलं. कुठला य खरा आणि कुठला ळ चा झालेला, हे बाईला कोण सांगणार? आपला प्रत्येक य गावंढळ, प्रत्येक न चुकीचा, असं धरून ती एकेकाला धरून बदलत सुटली होती. त्या धांदलीत स्वतःच्या आईलासुद्धा तिने बदललं होतं. आणि धडे कुणाचे? 'जिभेला आळस नको,' असं गॅलरीत बाईच्या कानात कोण सांगत होतं? उज्ज्वलाताईंना इतकी लाज वाटली की त्या ताटावरून उठून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी आफरीनला बोलावून घेतलं. टाइप करून सांगितलं, 'सगळ्या दुरुस्त्या पुसून टाक.'

"सगळ्या?" आफरीनचा विश्वास बसेना. "मॅडम, पुसल्या की ही पहिल्या दिवसासारखी होईल. सोहळ्यापर्यंत परत शिकणार नाही. आणि आगाशेसरांना त्या पुढच्या पेशंटांसाठी..."

'पूस.'

आफरीनने दोन ठिकाणी बोट ठेवलं. यंत्राने एकदा विचारलं, खात्री आहे का. तिने हो म्हटलं. इतक्या दिवसांचे ळ एका क्षणात गेले. उज्ज्वलाताईंनी 'आपोआप' लावलं आणि आगाशांना व्हिडिओ लावायला सांगितला. आगाशे पडद्यावर आले. मागे त्या दोन विद्यार्थिनी सोहळ्याचे कागद चाळत होत्या.

"आगाशेसाहेब, तवा बोलली थे मीच बोलली," यंत्र म्हणालं, बातम्यांच्या आवाजात. "माह्या बाईचं काही मिसयलं नव्हतं. मी खोटी बोलली. माही बोली हेच आहे. मले लाज वाटली म्हून बाईचं नाव सांगतलं. बातम्या वाचाच्या असन तर मी अशाच वाचीन, आनि माह्या दुरुस्त्या कोनाले देऊ नका. पुसून टाकल्या मी."

मागची एक मुलगी कागद धरून तशीच बघत राहिली. आगाशे दोनदा खाकरले. "ताई, तुम्ही आराम करा. आपण... सोहळ्याचं नंतर बघू." मग पडदा काळा झाला. आफरीन हळूच म्हणाली, "मॅडम, नानी असत्या तर तुमचा मुका घेतला असता." उज्ज्वलाताईंना त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. लोकांसमोर सांगून झालं होतं, पण ज्या माणसाला सांगायचं होतं ते आत बॅग भरत होतं.

शोभाबाई पलंगावर बसून साड्यांच्या घड्या घालत होत्या. बहिणीला बघून त्यांनी सवयीने ओठ मिटून घेतले. उज्ज्वलाताई त्यांच्या अगदी जवळ जाऊन बसल्या. स्क्रीन मांडीवर ठेवला.

"बाई, मशीन कोनाचं ऐकत नाही. तिले कानच नाही. इतके दिवस तुह्यासंगं मीच बोलत होती. लोकं हसले आनि मी तुह्यावर ढकललं. तू दारात उभी होती, मले दिसत होती, तरी ढकललं. मले तुयी लाज वाटली नाही वं, माही वाटली. पन भोगली तू. मले माफ कर."

शोभाबाई ऐकत होत्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्यांनी धाकटीच्या गालावरून हात फिरवला, गळ्यावरच्या ऑपरेशनच्या वणावर अलगद बोट टेकवलं. राग त्यांच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हता, आणि तो असता तर उज्ज्वलाताईंना सोसायला सोपं गेलं असतं.

"बोल नं बाई," यंत्र म्हणालं. "पयलेसारखी बोल. उजू म्हन मले. तिकडच्यासारखी शिवी दे, पन तशी बोल."

शोभाबाईंनी तोंड उघडलं. काहीतरी ओठांपर्यंत आलं, असं दिसलं. मग त्यांची जीभ मधेच अडली, चाचपडली, आणि शिकवल्यासारखी मागे वळून टाळूला लागली. त्यांनी पदराने डोळे पुसले, आणि धाकटीला वाईट वाटू नये म्हणून हसल्या.

"राहू दे गं, उज्ज्वला," त्या एकेक अक्षर नीट लावत म्हणाल्या. "आता मला सवळ झाली."